गाईडांची सुट्टी

दोंडाईचा स्टेशनवर रात्री उभं राहायचं तर रुमाल हवाच. मिरचीचा हंगाम, बाजारातला खकाणा फलाटापर्यंत पोचलेला. शिंकत शिंकत डब्यात चढलो. "कथा चालना भो?" समोरच्या बाकावरच्या माणसानं विचारलं. मुंबईला, म्युझियम बघायला म्हटल्यावर त्यानं मला नीट न्याहाळलं.

बाकीचे तिघे भुसावळलाच बसले होते. आम्ही चौघेही अजिंठ्याचे गाईड. सोमवारी लेणी बंद, म्हणून सोमवार आमचा रविवार. फर्दापूरचे चाचा आमच्यात सगळ्यात जुने. दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी खाताना रॉबर्ट गिलचा विषय निघालाच. भुसावळ सोडलं की तो निघतोच, कारण गिल तिथंच पुरलेला आहे. वर्षानुवर्षं खपून त्यानं अजिंठ्याच्या चित्रांच्या नकला केल्या आणि त्यातल्या बहुतेक 1866 साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये जळून गेल्या. ही गोष्ट आम्ही पर्यटकांना रोज सांगतो. एकमेकांना सांगायची काही गरज नव्हती, तरी सांगितली. सवय!

छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय आत जाण्याआधी बाहेरून बघावं. जॉर्ज विटेटनं बांधलेला काळा-पिवळा दगड, वर विजापूरच्या गोल घुमटाची आठवण देणारा घुमट. इमारत 1914 ला उभी राहिली, पण महायुद्धात तिथं इस्पितळ होतं. लोकांसाठी दारं उघडली ती 1922 मध्ये. आत नाशिकच्या एका जुन्या वाड्याचं लाकूडकाम दिसलं आणि उगीच घरी आल्यासारखं वाटलं.

पहिला तासभर आम्ही चौघे एकदमच बोलत होतो. निमरुदच्या असिरियन शिळांपुढे तर दोघांनी दोन वेगळी शतकं सांगितली. खालची पाटी कुणी वाचलीच नाही. पर्यटकांना आम्ही कसे वाटत असू, ते त्या दिवशी कळलं.

गप्प झालो ते मीरपूर खासच्या एका मूर्तीपुढे. सिंधमधला स्तूप, हेन्री कझिन्सनं 1910 च्या सुमारास खणलेला. तिथला हा भाजक्या मातीचा दाता, साधारण पाचव्या शतकातला. हातात कमळ, डोक्यावर बारीक कुरळे केस. एके काळी तो रंगवलेला होता. आमच्या पहिल्या लेण्यातला पद्मपाणीही जवळजवळ त्याच काळातला, आणि त्याच्याही हातात कमळ. एक भिंतीवर, एक मातीत, मधे केवढं वाळवंट!

पद्मपाणीच्या गळ्यातले मोती बाजूनं उजेड टाकला की चमकतात, ही चाचांची खास युक्ती. नकळत त्यांनी मोबाइलचा टॉर्च पेटवून मूर्तीवर तिरपा धरला. "काका, टॉर्च बंद करा," मागून पहारेकरी म्हणाला. फ्लॅश मारणाऱ्यांवर तीस वर्षं ओरडलेला माणूस लाल झाला. आम्ही हसू दाबलं.

कुठले, काय करता, अशी चौकशी झाली. "अजिंठ्याचे गाईड? मग सांगा की याच्याबद्दल काहीतरी."

चाचांनी टॉर्च खिशात घातला. "तुम्ही रोज याच्यासमोर उभे राहता. तुम्हीच सांगा."

पहारेकऱ्यानं जरा विचार केला. "शाळेची पोरं आली की याच्या केसांना हसतात. फुलाकडं कुणी बघत नाही."

आम्ही चौघेही पुन्हा फुलाकडं बघायला लागलो.