चौकातला वाद: डियाझ की करेलिस?

जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावरून जाताना चौक लागतं ते पनवेल आणि खोपोलीच्या मधे. बहुतेकांसाठी हे नाव म्हणजे एक पाटी. २००२ मध्ये एक्स्प्रेस-वे पूर्ण सुरू झाला आणि घाईतली सगळी मंडळी तिकडून सुसाट जायला लागली. जुना रस्ता उरला एसटीवाल्यांना, ट्रकवाल्यांना आणि आमच्यासारख्या रिकामटेकड्या बाइकवाल्यांना.

ऑक्टोबर २०२४ मधला रविवार. पाऊस सरलेला, भात पिवळं पडायला लागलेलं, आणि समोर इर्शाळगडाचा तो वाकडातिकडा सुळका. त्याच्या डोक्याजवळचं नेढं रस्त्यावरून दिसतं का, यावर आमची पैज लागली होती. आम्ही चौघं. मी, एक अंधेरीकर, एक कोल्हापूरकर आणि अंधेरीकराचे वडील, म्हणजे आमचे काका. काकांना घरात बसून कंटाळा आला होता, म्हणून मुलाच्या बाइकवर मागे बसून आले होते.

टपरीवर वडापाव आणि चहा सांगितला, आणि विषय निघाला तो निघालाच.

अंधेरीकर म्हणजे मुंबई सिटी एफसीचा कट्टर. घरून चालत स्टेडियमवर जाणारा. त्याचं दुःख ताजं होतं. होर्गे परेरा डियाझ क्लब सोडून बेंगळुरूला गेला होता. हा अर्जेंटिनाचा स्ट्रायकर २०२२ मध्ये मुंबईत आला, पहिल्याच मोसमात आयएसएलमध्ये ११ गोल ठोकले, टीमनं लीग शील्ड जिंकली. ४ मे २०२४ च्या फायनलमध्ये, कोलकात्यात, मोहन बागानच्या घरात, ०-१ वरून बरोबरी करून दिली ती यानंच. मग बिपिन सिंग, मग याकुब वोयतुश, ३-१, कप मुंबईला. आणि दोन-तीन महिन्यांत साहेब दुसऱ्या टीमच्या जर्सीत!

त्याच्या जागी आला ग्रीसचा निकोस करेलिस.

"फिनिशिंग बरंय रे त्याचं," अंधेरीकर म्हणाला, "पण डियाझ डिफेंडरच्या अंगावर जायचा. भांडायचा. कार्ड खायचा. हा फारच सज्जन वाटतो."

"पाच-सहा मॅचमध्ये काय कळतंय?" कोल्हापूरकर. "आमच्याकडं शाहू स्टेडियमवर एवढी सवलत मिळत नाही म्हणा. पाटाकडील आणि शिवाजी तरुण मंडळाची मॅच असली की पहिल्या दहा मिनिटांत निकाल लागतो पोराचा. पण तो पोरगा पेठेतलाच असतोय. उद्या दूध आणायला गेला की तिथंच भेटतोय. तुमचे हिरो विमानानं येतात, विमानानं जातात. त्यांच्यासाठी काय रडायचं?"

अंधेरीकर पेटला. "रडत नाहीये. पण गद्दार तो गद्दार."

इतका वेळ काका गप्प होते. बशीत चहा ओतता ओतता म्हणाले, "बॅरेटोला आम्ही काय म्हणायचं मग?"

काकांचा क्लब महिंद्र युनायटेड. कूपरेजवर ऑफिस सुटल्यावर उभं राहून मॅच बघणारी ती पिढी. जोस रामिरेझ बॅरेटो हा ब्राझीलचा, खरा मोहन बागानचा लाडका. मधे तो महिंद्रकडे आला, आणि २००५-०६ मध्ये महिंद्रनं नॅशनल फुटबॉल लीग जिंकली. बॅरेटो आणि घानाचा युसिफ याकुबू ही जोडी, कोच डेरिक परेरा. त्या विजयानंतर लगेच, २००६ मध्येच, बॅरेटो परत बागानला गेला.

"शिव्या घातल्या का मग तुम्ही?"

"घातल्या की. चार दिवस. मग याकुबू बरा की बॅरेटो यावर सहा महिने भांडलो." काका हसले. "आणि २०१० मध्ये क्लबच बंद झाला. स्ट्रायकर गेला तर दुसऱ्याशी तुलना तरी करता येते रे. क्लब गेल्यावर कुणाशी करायची?"

त्यानंतर काकांनी एकही टीम धरलेली नाही, हे आम्हाला तेव्हा कळलं. त्यांच्या मुलालाही.

गाडी पुढे काढण्याआधी काकांनी एक आठवण करून दिली. आपण बसलोय ते कुणाच्या गावात? चौक ही नेताजी पालकरांची जन्मभूमी मानली जाते. सरनोबत नेताजी, ज्यांना लोक 'प्रतिशिवाजी' म्हणत. तुलनेची याहून मोठी पदवी मराठीत नाही. १६६६ मध्ये पन्हाळ्याच्या मोहिमेत वेळेवर पोचले नाहीत म्हणून सरनोबती गेली. मग आदिलशाही, मग मोगल. औरंगजेबानं त्यांना मुसलमान केलं, मुहम्मद कुली खान नाव दिलं, पार काबूलकडे पाठवलं. आणि १६७६ मध्ये हा माणूस परत आला. महाराजांनी त्याला पुन्हा स्वधर्मात घेतलं.

"आणि त्यांच्या जागी आले कुडतोजी गुजर," काका म्हणाले. "त्यांना कुणी 'दुसरे नेताजी' म्हणतं का? ते प्रतापराव झाले. तुमच्या त्या ग्रीकाला डियाझ करायला बघू नका. त्याला करेलिस होऊ द्या."

फुटबॉलवरून स्वराज्यात उडी जरा लांबच होती, पण चौकात बसून ती कुणाला खटकली नाही.

नंतर अंधेरीकर म्हणाला, चला, वर जाऊन येऊ, नेढ्यात बसू. टपरीवाल्या दादांनी नुसती मान हलवली. गडाची नेहमीची वाट इर्शाळवाडीतून जायची. १९ जुलै २०२३ च्या रात्री ती ठाकरवाडी दरडीखाली गेली. २७ मृतदेह मिळाले, ५७ जणांचा पत्ताच लागला नाही, चार दिवसांनी शोध थांबवला गेला. वाचलेल्यांना आधी चौकजवळ कंटेनरच्या घरांत ठेवलं होतं. कॉलेजात असताना त्या वाडीत आम्ही पाणी मागून प्यायलो होतो, अंगणात पाठ टेकली होती. वर कुणीच गेलं नाही. पैजेचं काय झालं तेही कुणी विचारलं नाही. मोरबे धरणाच्या बाजूला गाड्या लावून थोडा वेळ पाण्याकडे बघत बसलो आणि परत फिरलो.

त्या मोसमात करेलिसनं लीगमध्ये १० गोल केले. डियाझच्या पहिल्या मोसमापेक्षा फक्त एक कमी. पण २९ मार्च २०२५ ला बाद फेरीत बेंगळुरूनं मुंबईला ५-० नं धुतलं. एक गोल सुनील छेत्रीचा, तोही एकेकाळचा मुंबई सिटीवाला. आणि शेवटचा? डियाझचा!

मॅच संपल्यावर अंधेरीकराला फोन केला. वाटलं, शिव्या ऐकायला मिळणार. तो म्हणाला, "बाबा बघत होते माझ्याबरोबर. पूर्ण मॅच. दर गोलला शिव्या घालत होते."

"डियाझला?"

"नाही रे. आपल्या डिफेन्सला. 'आपल्या' म्हणाले!"

कसं जाल? पनवेलहून जुन्या हायवेनं खोपोलीच्या दिशेनं निघा, चौक वाटेतच आहे. इथूनच कर्जतचा रस्ता फुटतो. पनवेल-कर्जत रेल्वेमार्गावर चौक स्टेशनही आहे, पण गाड्या मोजक्या, वेळ आधी बघून ठेवा. भात पिकायच्या दिवसांत गेलात तर उत्तम. इर्शाळवाडीकडे मात्र सेल्फीसाठी जाऊ नका. तिथं लोकांची घरं होती.