पायरी आणि टेकडी

27 ऑगस्ट 2025, बुधवार, गणेश चतुर्थी

प्रतिष्ठापना, आरती, जेवणं उरकली आणि दुपारी नोंदी उघडल्या. सदाशिव पेठ, कोथरूड आणि भोसरीतल्या ओळखीच्या घरांत राउटरशेजारी छोट्या मापनपेट्या लावल्या आहेत. ठरलेल्या सर्व्हरला पिंग पाठवायचा आणि उत्तराला किती मिलिसेकंद लागले ते लिहून ठेवायचं, एवढंच त्यांचं काम. पिंग हा प्रोग्रॅम माइक म्यूस यांनी 1983 साली लिहिला. आजही त्याच्यावाचून पान हलत नाही.

फायबरमधून प्रकाश सेकंदाला साधारण 2 लाख किलोमीटर जातो. पुणे-मुंबई 150 किलोमीटर धरलं, तर जाऊन-येऊन दीड मिलिसेकंद. त्याहून जास्त लागलेला वेळ बहुतेक वळशांचा आणि रांगांचा. वळसा वाढला की सर्वांत जलद उत्तरही उशिरा येतं. रांग वाढली की सरासरी चढते, पण मधूनच एखादं पॅकेट पूर्वीच्याच वेळात पोचतं. म्हणून मी सरासरीच्या आधी किमान वेळ पाहतो.

28 ऑगस्ट, गुरुवार

कुठल्या लयी दडल्या आहेत ते पाहायला उन्हाळ्यापासूनच्या नोंदींचं फूरिए रूपांतर केलं. 24 तासांचं शिखर अपेक्षितच होतं: रात्री जेवणानंतर सगळं शहर व्हिडिओ पाहायला बसतं आणि आलेखावर टेकडी उभी राहते. दुसरं शिखर 7 दिवसांचं, आणि त्याला पुण्याचा गुरुवार कारण आहे. विजेची आणि पाण्याची देखभालीची कामं इथे बहुधा गुरुवारी निघतात. भोसरीच्या एमआयडीसीत अनेक कारखान्यांची साप्ताहिक सुट्टीही त्याच दिवशी. भोसरीच्या पेटीचा गुरुवार कोथरूडच्या रविवारासारखा दिसतो.

क्वान, हाइडमन आणि प्रॅडकिन यांनी 2014 साली हेच गणित जगभरच्या इंटरनेट पत्त्यांना लावलं होतं. रात्री कुठली नेटवर्क झोपतात याचा त्या त्या देशाच्या उत्पन्नाशी आणि वीजवापराशी संबंध असल्याचं त्यांना आढळलं. माणसं कशी जगतात ते पॅकेटच्या वेळांत उमटतं. मला या कामाची ओढ आहे ती त्यामुळेच.

31 ऑगस्ट, रविवार

आज पिंगच्या वेळा बदलल्या. बरोबर पाच-पाच मिनिटांनी मोजलं, तर कुठल्या तरी सर्व्हरचं तेवढ्याच अंतराने चालणारं काम दर वेळी मोजणीत सापडतं, नाहीतर दर वेळी निसटतं. इंटरनेटच्या मोजमापाविषयीच्या 1998 सालच्या आरएफसी 2330 या दस्तऐवजात म्हणूनच मोजण्यांमधलं अंतर यादृच्छिक ठेवायची शिफारस आहे.

मग गोंगाटाचा प्रश्न. एखादंच उत्तर दोन सेकंदांनी आलं की सरासरी आणि प्रमाण विचलन दोन्ही बिघडतात. त्याऐवजी मध्यक घेतला आणि मध्यकापासूनच्या अंतरांचाही मध्यक काढला. खोडदच्या जीएमआरटी दुर्बिणीतही मानवनिर्मित रेडिओ लहरींचा गोंगाट गाळायला मध्यकावर आधारलेली हीच युक्ती वापरतात. तिथल्या 30 अँटेना आकाशगंगांकडे कान लावून असतात आणि माझी पेटी कोथरूडच्या राउटरकडे, पण गणित तेच.

4 सप्टेंबर, गुरुवार

या नोंदींवर मी एक मॉडेल चालवतो. ते मागच्या आठवड्यांवरून पुढच्या तासाचा अंदाज बांधतं. मोजलेला वेळ आणि अंदाज यांतला फरक मोठा झाला की इशारा देतं. गणेशोत्सवात ते रोजच इशारे देत बसलंय. त्यात त्याचं काय चुकलं? वर्षातून एकदा येणारे दहा दिवस त्याने पाहिलेलेच नाहीत. बरं, तारीख शिकवूनही भागत नाही: अनंत चतुर्दशी 2024 मध्ये 17 सप्टेंबरला होती, यंदा 6 सप्टेंबरला आहे. शेवटी डेटात तिथीचा रकाना घातला. पुण्याचं नेटवर्क समजायचं तर मॉडेलला पंचांग हवंच.

6 सप्टेंबर, शनिवार, अनंत चतुर्दशी

मंडईतून मिरवणूक निघाली. पेठेतली घरं पाहुण्यांनी भरलेली, जो तो थेट प्रक्षेपण लावून. रोजची रात्रीची टेकडी आज दुपारीच चढली. मुंबईपर्यंतचा किमान वेळ मात्र जागचा हलला नाही. म्हणजे रांग.

संध्याकाळी कोथरूडच्या काकूंचा फोन. "अहो, लेकीचा लंडनहून कॉल आला की आवाज पुढे आणि चित्र मागे. कंपनीवाले म्हणतात, आमच्याकडून सगळं ओके आहे."

त्यांच्या पेटीचा लंडनचा आलेख काढला. तिथे किमान वेळच वर गेला होता, एका झटक्यात, आणि वरच राहिला होता. ही पायरी. फूरिए रूपांतर तिला सगळ्या वारंवारितांत पसरून टाकतं. ती नेमकी कधी आली हे वेळेचा ठावही राखणाऱ्या वेव्हलेट रूपांतराने सापडतं. "काकू, तुमचं वायफाय नीट आहे, मुंबईपर्यंतची वाटही मोकळी आहे. त्याच्या पुढे कुठेतरी रस्ता बदललाय."

8 सप्टेंबर, सोमवार

बातम्या आल्या. जेद्दाहजवळ एसएमडब्ल्यू 4 आणि आयएमईडब्ल्यूई या समुद्राखालच्या केबलींमध्ये शनिवारी बिघाड झाला. भारत-पाकिस्तानात इंटरनेट मंदावल्याचं इंटरनेटवर नजर ठेवणाऱ्या नेटब्लॉक्स संस्थेने नोंदवलं. मुंबईहून युरोपला जाणारी आयएमईडब्ल्यूई सुमारे 12,000 किलोमीटरची, म्हणजे जाऊन-येऊन 120 मिलिसेकंद. ती बंद पडली की पॅकेटना लांबचा वळसा आलाच.

मिरवणुकीची टेकडी आणि केबलची पायरी, मॉडेलने शनिवारी दोन्हींना एकच नाव दिलं होतं: असामान्य. ग्राहकाला त्या शब्दाचा काय उपयोग? मिरवणुकीची गर्दी रात्र सरली की ओसरते, केबलला दुरुस्ती-जहाज लागतं. म्हणून आजपासून मॉडेल इशाऱ्याबरोबर आकारही सांगेल, टेकडी की पायरी, आणि दोष कुठे आहे तेही: घरात, शहरात की समुद्रात. दर सोमवारी प्रत्येक घराला तेवढाच कागद मराठीत जाईल. "सगळं ओके आहे" असं पुन्हा कुणी म्हणालं, तर काकूंनी तो त्यांच्यापुढे ठेवावा.