उचल

माणसाला उद्याची काळजी फार, असे म्हणतात. मला ते तितकेसे पटत नाही. उद्या विकून आज साजरा करणारी माणसेच मला जास्त दिसतात. फरक एवढाच, की कोणी हौसेने विकतो आणि कोणी नाइलाजाने.

हा विचार मनात आला तो माझ्या भाच्यामुळे. तो अमेरिकेत असतो. मागे खोपोलीला आला तेव्हा तिकडच्या फुटबॉलचे पुराण त्याने मला ऐकवले. हा फुटबॉल लांबोळका चेंडू छातीशी धरून एकमेकांच्या अंगावर जाण्याचा. आपल्याकडे क्रिकेटच्या आयपीएलमध्ये आणि प्रो कबड्डीत खेळाडूंचा लिलाव होतो. तिकडे महाविद्यालयांतली नवी पोरे नंबर लावून निवडतात. १९३६ पासूनची ही पद्धत. आज संघ बत्तीस, फेऱ्या सात; आणि आदल्या वर्षी जो सर्वांत मागे राहिला, त्याचा नंबर पहिला! नापासांना इतका मान आमच्या महाविद्यालयातसुद्धा मिळत नाही.

"पण मामा, खरी गंमत पुढेच आहे," भाचा म्हणाला. "हे नंबर अदलाबदलीने देता-घेता येतात. पुढच्या वर्षीचा द्यायचा आणि यंदाचा घ्यायचा."

"म्हणजे उचल घ्यायची!" मी म्हटले.

या उचलीचा भाव ऐकून मात्र मी थक्क झालो. केड मॅसी आणि रिचर्ड थेलर या दोघा पंडितांनी हे व्यवहार तपासले. यांतल्या थेलरना २०१७ साली अर्थशास्त्राचे नोबेलही मिळाले. तिथला रिवाज असा, की यंदा दुसऱ्या फेरीतला नंबर हवा असेल, तर पुढच्या वर्षीचा पहिल्या फेरीतला द्यायचा. व्याजाच्या भाषेत हा दर साल १३६ टक्के पडतो. एखादा सावकारही इतके मागताना चाचरला असता.

याच्या उलट वागणारा संघ म्हणजे डॅलस काउबॉइज. १९८९ साली त्यांनी हर्शल वॉकर हा आपला सर्वांत मोठा खेळाडू मिनेसोटाला देऊन टाकला आणि बदल्यात काही खेळाडू व पुढल्या वर्षांचे पुष्कळ नंबर घेतले. त्या हंगामात सोळांपैकी एकच सामना डॅलसने जिंकला. पण पुढे १९९२, १९९३ आणि १९९५ या तीन हंगामांचे अजिंक्यपद त्यांच्याकडे गेले. वॉकर होता तोवर मिनेसोटा अंतिम सामन्यापर्यंतही पोचला नाही.

मग शहाणीसुरती माणसे असा सौदा का करतात? मला वाटते, यंदा हरलो तर पुढच्या वर्षी आपली खुर्चीच राहणार नाही, ही प्रशिक्षकाची धास्ती. उचल तो घेतो. फेड त्याच्यामागून येणारा करतो. आमच्या लिलावाच्या भिशीत ही सोय नाही. दहाजणांचे हजार-हजार जमले, की गरजवंत म्हणतो, 'मी नऊ हजारांत उचलतो.' उरलेले हजार सगळ्यांत वाटले जातात. पण तोच गृहस्थ पुढे दर महिन्याला त्याच सतरंजीवर बसून हप्ता मोजतो.

उचलीचे आणखी एक रूप आमच्या कर्जत-खालापूरच्या कातकरी वाड्यांवर दिसते. पावसाळ्यात काम नसते, घरातले धान्य संपते. तेव्हा वीटभट्टीच्या मालकाकडून उचल घ्यायची आणि दिवाळी झाली की बायकापोरांसह भट्टीवर जायचे. पोरांची शाळा तिथेच सुटते. हजार विटांमागे ठरलेल्या मजुरीतून उचल वळती होते. पाऊस तोंडावर आला की हिशेब होतो; फिटली नाही तर बाकी पुढच्या हंगामावर! वेठबिगारी कायद्याने १९७६ साली संपली. पण हिशेबाच्या वहीतली ही बाकी अजून पुष्कळांच्या मानेवर आहे.

'उद्याचा विचार करा,' असे आपण सुखवस्तू माणसे सहज सांगतो. डॅलसला थांबता आले, कारण सोळांपैकी पंधरा सामने हरूनही तिथे कोणाची चूल विझली नाही. थांबता येणे हीसुद्धा एक श्रीमंतीच आहे. ज्यांच्यापाशी ती आहे त्यांनी १३६ टक्क्यांनी उद्या विकावा, याचे हसू येते. वाडीवरच्या माणसाला मात्र धीराचा उपदेश करण्यापेक्षा श्रावण-भाद्रपदात त्याच्या हाताला काम आणि त्याच्या पोराला गावातच शाळा मिळाली, तर उद्याचा विचार तोही करील. आपल्याहून चांगलाच करील.