जिन्याइतका उतार

"गुलमर्ग करावं की ला ग्राव?" दिवाळीच्या सुमारास हा फोन हमखास येतो, कारण हिवाळ्याची तिकिटं तेव्हाच काढायची असतात. विचारणारे बहुतेक सह्याद्रीत तयार झालेले. नळीच्या वाटेनं कोकणकडा चढलेले, पाच-सहा हिवाळे स्कीवर काढलेले. पुढचा प्रश्नही ठरलेला: "जास्त स्टीप कुठलं?"

घोटाळा इथेच आहे. सह्याद्रीतला उभा कडा आधीच घाबरवतो, म्हणून माणूस जपून पाय टाकतो. बर्फाचं उलटं आहे. घातक हिमस्खलनं बहुतेक तीस ते पंचेचाळीस अंशांच्या उतारावर सुटतात. फार उभ्या कड्यावर बर्फ साचतच नाही, पडता पडता घसरून जातो. आणि तीस अंश म्हणजे साधारण आपल्या सोसायटीचा जिना. जिन्याला कोण भितं?

ला ग्राव हे फ्रेंच आल्प्समधलं, ग्रेनोबलहून ब्रियाँसाँला जाणाऱ्या रस्त्यावरचं जुनं दगडी गाव. समोर ला मेज शिखर, जवळजवळ चार हजार मीटरचं. १९७०च्या दशकात बांधलेली केबल कार १,४५० मीटरवरून थेट ३,२०० मीटरवर हिमनदीच्या काठाशी नेऊन सोडते. पुढे तुम्ही आणि डोंगर. यंत्रानं दाबलेल्या, खांब रोवून आखलेल्या वाटा जवळजवळ नाहीतच. कुलुआर म्हणजे आपली नाळच, फक्त बर्फानं भरलेली. वरून पाहिली की तळाशी कडा आहे की मैदान, ते कळत नाही. हिमनदीच्या भेगांवर ताज्या बर्फाची साय धरलेली असते, म्हणून स्की करतानाही कमरेला हार्नेस. एक्स्ट्रीम स्कीइंगमधला नावाजलेला डग कूम्ब्स इथेच राहून गाइडचं काम करायचा. एप्रिल २००६मध्ये मित्र एका कुलुआरमध्ये पडला, त्याला बघायला तो काठाशी सरकला आणि स्वतःही गेला. मी नवख्यांना ही हकिगत मुद्दाम सांगतो, आणि केबल कारमध्ये बसण्याआधी सांगतो.

गुलमर्ग वरवर माणसाळलेलं वाटतं. गोंडोलाच्या, म्हणजे तिथल्या केबल कारच्या, पहिल्या टप्प्यावर बर्फ उडवत सेल्फी काढणारी कुटुंबं, चहा, मॅगी. गोंडोलाचा दुसरा टप्पा २००५मध्ये सुरू झाला आणि अफरवटची सोंड, जवळपास ३,९५० मीटरवरची, दहा-बारा मिनिटांवर आली. गोंडोलाखालच्या भागाची काळजी गस्तीपथक घेतं. पण त्या भागाच्या हद्दीच्या दोरीपलीकडे दोन पावलं टाकली की ला ग्रावच! फेब्रुवारी २०१०मध्ये याच परिसरात लष्कराच्या प्रशिक्षणातले सतरा जवान हिमस्खलनात गेले. ती काही सहलीला आलेली माणसं नव्हती.

मला धास्ती आहे ती तिथल्या बर्फाच्या थरांची. पश्चिमी विक्षोभ आला की दोन दिवसांत मीटरभर बर्फ, मग आठवडा-आठवडा कोरडी थंडी. त्या थंडीत पातळ बर्फाच्या तळाचे कण जाड, सुटे होतात, आणि नवा बर्फ त्यांच्यावर बसतो. एकदा फेब्रुवारीत सोंडेच्या आडोशाला खड्डा खणला. तळाचा बर्फ हातमोज्यावर घेतला तर दाणेदार साखर. मूठ आवळली तरी गोळा होईना. वीतभरापेक्षा थोडा मोठा चौकोनी खांब कापला, वर फावड्याचं पातं ठेवलं. मनगटातून दहा टपल्या, काही नाही. मग कोपरातून. तिसऱ्या टपलीला वरचा अख्खा ठोकळा टेबलाच्या खणासारखा अलगद पुढे आला.

आम्ही दोरीच्या आतून परतलो. सोबतचा मुलगा रुसला. त्याचा इन्स्टाग्रामचा व्हिडिओ राहिला.

म्हणून माझं उत्तर: आधी गुलमर्ग, फेब्रुवारीत, स्थानिक गाइड घेऊनच. जानेवारीचा भरवसा धरू नका. २०२४ला तो जवळजवळ कोरडा गेला होता. मुख्य म्हणजे तिथे वाईट दिवसाची सोय आहे. वर धुकं असलं की बाबारेशीच्या बाजूनं देवदारांतून खाली उतरायचं आणि जीपनं परत यायचं. ला ग्रावला केबल कार बंद म्हणजे दिवस बंद. कॉफी घ्या, मेजकडे बघत बसा.

हे जमेल का, एवढंच मी विचारतो. गेल्या वर्षी ठाण्याची एक बाई म्हणाली, "सर, चार लाख खर्चून कॉफी?" तिला मी गुलमर्गचं तिकीट काढायला सांगितलं.