चहूकडे समुद्र, पण गोडं पाणी जपून!

बालमित्रांनो, पाण्याचं मोल आपल्या धाराशिवच्या मुलांना वेगळं सांगावं लागत नाही. टँकरची वाट, घागरींची रांग, आटलेली बोअर हे सगळं तुम्हांला पाठ आहे. म्हणूनच तुम्हांला कदमत बेटाची गंमत सांगतो.

कदमत हे लक्षद्वीपमधलं एक बेट. अरबी समुद्रात आपल्या देशाची अशी ३६ चिमुकली बेटं आहेत. माणसांची वस्ती फक्त १० बेटांवर. सगळी जमीन मिळून सुमारे ३२ चौरस किलोमीटर! तिथं जायला परवाना लागतो. आम्ही कोचीहून जहाजानं निघालो, एक रात्र समुद्रावर काढली आणि कदमतला पोचलो.

काय सांगू तुम्हांला! पांढरीशुभ्र वाळू, नारळीची झाडं आणि हिरवंनिळं, काचेसारखं पाणी. गुडघाभर पाण्यात उभं राहिलं तरी रंगीत मासे पायाजवळून जातात. ही वाळू म्हणजे प्रवाळांचा आणि शिंपल्यांचा चुरा, बरं का! बेटाभोवती प्रवाळांची भिंत असते. मोठ्या लाटा तिच्यावरच फुटतात, म्हणून बेट टिकतं. पण समुद्र फार तापला की प्रवाळ पांढरे पडतात आणि मरूही शकतात. १९९८, २०१० आणि २०१६ साली तिथं असंच झालं.

आता गंमत ऐका. कदमतवर एकही नदी नाही, ओढा नाही. मग लोक पितात काय? पावसाचं पाणी वाळूत झिरपतं. गोडं पाणी खाऱ्यापेक्षा हलकं, म्हणून ते जमिनीखाली खाऱ्या पाण्यावर तरंगत राहतं. विहिरीत येतं ते हेच. पण हावरटासारखा उपसा केला, तर खालचं खारं पाणी वर चढतं आणि विहीर मचूळ होते. कावरत्ती बेटावर तर २००५ साली समुद्राचं पाणी गोडं करणारा प्रकल्प उभारावा लागला.

माझ्या भाचीनं तिथं एका बादलीत अंघोळ उरकली, तेव्हा खोल्यांची देखभाल करणारे काका मोडक्या हिंदीत म्हणाले, "पाहुणे बहुत पानी लेते हैं. ये बच्ची कहाँ से आई?" ती ऐटीत म्हणाली, "धाराशिव से!"

मुलांनो, सुंदर जागा पाहायला जरूर जा. प्रवाळाचा तुकडाही उचलू नका, त्याला कायद्यानंच बंदी आहे. प्लॅस्टिक परत घेऊन या. आणि पाणी? ते जपून वापरायला तुम्हांला कुणी शिकवायला नको. दुष्काळानं दिलेला हा धडा बेटावरही सोबत न्या, म्हणजे झालं!