पावणेचारची जाग

पुन्हा जाग. वर्धा नदीच्या पुलावर मालगाडी धडधडतेय, पण दोष तिचा नाही. रात्र सरत आली की गाढ झोप ओसरते, उरते ती पातळ, स्वप्नांची. त्यात कॉर्टिसॉल हे संप्रेरक अंगाला उठवायच्या तयारीला लागलेलं. घड्याळ भिंतीकडे फिरवून ठेवलंय, तरी पावणेचार वाजलेत हे कळतंच!

३१ मे २०१६ला मध्यरात्रीनंतर इथे पुलगावच्या दारूगोळा भांडाराला आग लागली. जवान आणि अग्निशमन कर्मचारी जिवानिशी गेले, आसपासची गावं हादरून जागी झाली. तशा रात्रीनंतर साध्या धडाक्यानेही झोप मोडावी, यात नवल नाही.

माझं दुखणं साधं आहे. कूस बदलत तळमळण्यापेक्षा उठावं, मंद दिव्यात काहीतरी कंटाळवाणं वाचावं, पेंग आली की परतावं. रात्र कशीही जावो, सकाळी उठायची वेळ मात्र तीच. हे मला जमतं. दुपारची डुलकी सोडणं जमत नाही, विदर्भाच्या उन्हात तर नाहीच.

सेवाग्राम आश्रमात भल्या पहाटे उठत, हे लोक कौतुकाने सांगतात. ते रात्री लवकर निजत, हे कोणी सांगत नाही.