देहूरोडहून पुणे, गाडीविना

देहूरोडवरून पुण्याला पायी जाण्याची वहिवाट मोटारींच्या कितीतरी आधीची आहे. 1685 पासून चालत आलेला तुकोबांचा पालखी सोहळा ज्येष्ठ वद्य सप्तमीला देहूतून प्रस्थान ठेवतो. पहिला मुक्काम गावातच इनामदार वाड्यात. दुसऱ्या दिवशी देहूरोड, निगडी मागे टाकून आकुर्डी आणि तिसऱ्या दिवशी पुणे. चालणाऱ्याला हे अंतर परवडते, हे सिद्ध करायला वेगळा पुरावा नको.

जुन्या मुंबई-पुणे महामार्गावर आता बाजारावरून उड्डाणपूल गेला आहे. मोटारवाल्याच्या लेखी देहूरोड म्हणजे पुलावरची मिनिट-दोन मिनिटे. पायी चालणाऱ्याला मात्र पुलाखालची दुकाने, भाजीच्या हातगाड्या, स्टेशनकडे लगबगीने निघालेली माणसे असे सगळे गाव भेटते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 25 डिसेंबर 1954 रोजी बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना केली, ते विहारही इथलेच. लष्करी हद्दीतले काही रस्ते नागरिकांना बंद असतात. वळसा घ्यावा लागला तर कुरकुर करण्यात अर्थ नाही.

रोजच्या माणसाचा खरा आधार लोकल. पुणे-लोणावळा मार्गावर ती 1978 साली सुरू झाली. सायकल स्टेशनपाशी लावायची, लोकल धरायची आणि शिवाजीनगरला उतरून चालू लागायचे, ही जोडणी सर्वांत सोयीची. शिवाजीनगरहून मुठा ओलांडली की शनिवारवाडा, आणि पुढे कसबा, बुधवार, शनिवार या पेठा. इथे गाडी ही निव्वळ अडचण. एकेरी रस्त्यांचे कोडे पायी माणसाला सोडवावे लागत नाही. बोळातून शिरून वाड्याच्या चौकात डोकावता येते आणि जुन्या लाकडी खांबांशेजारीच नव्या इमारतीचा पाया खणला जाताना दिसतो.

सायकलने थेट पुणे गाठायचे तर निगडीच्या भक्ती-शक्ती चौकापासून दापोडीपर्यंतचा रस्ता प्रशस्त आहे. पण रुंदी ही सायकलवाल्याची सोय नव्हे. खरी कसोटी चौकात, डावीकडे वळणाऱ्या बसच्या आणि सरळ जाणाऱ्या सायकलच्या वाटा एकमेकींना छेदतात तिथे लागते. एकेकाळी पुणे सायकलींचे शहर म्हणून ओळखले जाई. त्याच शहराच्या हातात स्कूटर देणारा बजाजचा कारखाना याच रस्त्यावर, आकुर्डीत उभा राहिला. गमतीचा योग म्हणायचा.

परतीचा हिशेब ऋतूवर अवलंबून. पावसाळ्यात वारा पश्चिमेकडून येतो, त्यामुळे पुण्याकडे जाताना पाठीशी असलेला तोच वारा देहूरोडला परतताना समोरून झोंबतो. उन्हाळ्यात सकाळी लवकर निघावे. सुट्टीच्या दिवशी शहराऐवजी उलट्या दिशेला, घोरावडेश्वरच्या लेण्यांकडे सायकल वळवणारेही बरेच असतात. पायथ्याशी ती कुलूप लावून ठेवायची आणि पुढचा चढ पायांनीच चढायचा.